अर्न्स्ट चेन : ग्रंथालयात गवसलेली बुरशी

२ एप्रिल १९३३ रोजी सव्वीस वर्षांचे अर्न्स्ट बोरिस चेन इंग्लंडमध्ये उतरले, तेव्हा त्यांच्या खिशात अवघे दहा पौंड होते. जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन दोनच महिने झाले होते. ज्यू असलेल्या या तरुण रसायनशास्त्रज्ञाला बर्लिनमध्ये आपले भवितव्य उरलेले नाही, हे पुरते उमगले होते. आई आणि बहीण मात्र मागे बर्लिनमध्येच राहिल्या. पुढे बारा वर्षांनी ज्या कामासाठी चेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्या कामाचा मागमूसही तेव्हा कुठे नव्हता. समोर होता तो परका देश, परकी भाषा आणि नोकरीसाठी एकेक दार ठोठावणे.

पेनिसिलिनची कथा आपल्याकडे शालेय पुस्तकांतून पोहोचली ती अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या नावाने. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात १९२८ च्या सप्टेंबरमध्ये एका उघड्या राहिलेल्या बशीत बुरशी उगवली, तिच्याभोवतीचे जीवाणू विरून गेले आणि औषध सापडले, अशी ही कथा आहे. ती खरी आहे, पण अपुरी आहे. फ्लेमिंग यांनी आपले निरीक्षण १९२९ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे पेनिसिलिन औषध म्हणून फारसे कोणाच्या उपयोगी पडले नाही. ते पुन्हा शोधले गेले ते ऑक्सफर्डमध्ये, जुनी नियतकालिके चाळताना. आणि ती चाळणारे गृहस्थ होते चेन.

त्यांचा जन्म १९ जून १९०६ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील मिखाएल हे रशियन साम्राज्यातून जर्मनीत येऊन स्थिरावलेले रसायनतज्ज्ञ व कारखानदार. रसायनशास्त्राची गोडी आणि शोधाचे मोल बाजारात कसे ठरते याची जाण, या दोन्ही गोष्टी मुलाला घरातूनच मिळाल्या. अर्न्स्ट तेरा वर्षांचे असताना वडील वारले. महायुद्धोत्तर जर्मनीच्या पडझडीत कुटुंबाची स्थिती खालावली आणि आई मार्गारेट यांनी घरात पैसे घेऊन पाहुणे ठेवण्यास आरंभ केला. अर्न्स्ट पियानो उत्तम वाजवीत. इतके उत्तम, की विज्ञान की संगीत हा प्रश्न त्यांच्यापुढे काही वर्षे खरोखरीच उभा होता. अखेर १९३० मध्ये बर्लिनच्या फ्रीडरिख विल्हेल्म विद्यापीठातून पदवी घेऊन ते शॅरिटे रुग्णालयातील संशोधनाकडे वळले. पियानो मात्र जन्मभर सुटला नाही.

इंग्लंडमध्ये जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या साहाय्याने त्यांना लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात तात्पुरती जागा मिळाली. तेथून ते केंब्रिजला, जीवरसायनशास्त्राचे अध्वर्यू फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत गेले. १९३५ मध्ये ऑक्सफर्डच्या सर विल्यम डन विकृतिशास्त्र विभागाची सूत्रे हॉवर्ड फ्लोरी या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाकडे आली. त्यांना आपल्या विभागात एक जीवरसायनशास्त्रज्ञ हवा होता. हॉपकिन्स यांनी चेन यांचे नाव सुचविले आणि दोन परदेशस्थ एकत्र आले. फ्लोरी मितभाषी, रोखठोक, भावनांचे प्रदर्शन न मानणारे. चेन बोलके, तापट, हातवारे करून वाद घालणारे. सुरुवातीची काही वर्षे दोघे सायंकाळी विद्यापीठाच्या उद्यानातून बोलत बोलत घरी जात. हा स्नेह पुढे टिकला नाही, परंतु त्या फेरफटक्यांतूनच एका मोठ्या कामाची आखणी झाली.

ऑक्सफर्डला आल्यावर चेन यांनी प्रथम सापाच्या विषावर काम केले. त्यानंतर फ्लोरी यांनी त्यांच्याकडे लायसोझाइमचा प्रश्न सोपविला. अश्रू, लाळ, अंड्याचा पांढरा बलक यांत आढळणारे हे द्रव्य काही जीवाणूंना अक्षरशः विरघळवून टाकते. तेही फ्लेमिंग यांनीच शोधलेले होते. लायसोझाइम हे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असून ते जीवाणूच्या भित्तिकेतील शर्करासाखळ्या तोडते, हे चेन व त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिले. हे काम लिहून काढताना निसर्गात अशी आणखी कोणती द्रव्ये आहेत, या कुतूहलाने त्यांनी १९३८ मध्ये ग्रंथालय गाठले.

एक सूक्ष्मजीव दुसऱ्याची वाढ रोखतो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होती. त्याविषयीची टिपणे निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरलेली होती. चेन यांनी असे सुमारे दोनशे संदर्भ जमविले. त्यांतून पुढील अभ्यासासाठी जी मोजकी द्रव्ये निवडली, त्यांत एक होते फ्लेमिंग यांच्या बुरशीचे. चेन यांचा तर्क असा, की पेनिसिलिन म्हणजे बुरशीने तयार केलेले एक प्रकारचे लायसोझाइमच असावे; जीवाणूंच्या भित्तिकेवर हल्ला करणारे विकर.

ही बुरशी मिळवावी कोठून? ती त्याच इमारतीत होती. विभागाचे आधीचे प्रमुख जॉर्ज ड्रेयर यांनी काही वर्षांपूर्वी निराळ्या कामासाठी ती मागवून घेतली होती आणि मार्गारेट कॅम्पबेल-रेंटन या सहकारी तिची जोपासना करीत राहिल्या होत्या. बुरशी वाढत असलेले पात्र घेऊन जाताना त्या चेन यांना इमारतीत अनेकदा दिसल्या होत्या. शोधाचा हा भाग योगायोगाचा म्हणावा लागेल. मात्र तो ओळखण्यासाठी आधी कोणीतरी दोनशे लेख वाचून ठेवलेले असावे लागतात.

पेनिसिलिनने यापूर्वी अनेकांना दमविले होते. लंडनचे हॅरॉल्ड रेस्ट्रिक हे बुरशीच्या रसायनशास्त्रातील तज्ज्ञ. १९३२ च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत ते द्रव्य ईथरमध्ये उतरविता आले, पण ईथर उडून जाताच त्याचा प्रभावही नाहीसा झाला. इतक्या अस्थिर पदार्थाचे औषध होणे शक्य नाही, अशी समजूत त्यामुळे दृढ झाली. चेन यांना याच गोष्टीचे आकर्षण वाटले. एवढा नाजूक पदार्थ आहे तरी कसा, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. रुग्णांचे प्राण वाचविण्याचा हेतू आरंभी आपल्या मनात नव्हता, हे ते पुढे आयुष्यभर स्वच्छ सांगत आले. सत्कारसमारंभांत असे सांगणे यजमानांना किती रुचत असेल कोण जाणे.

१९३९ च्या सप्टेंबरमध्ये युद्ध पेटले. वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रारंभी दिलेली रक्कम होती २५ पौंड. खरा आधार मिळाला तो अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानचा. बुरशी वाढविण्यासाठी भांडी मिळेनात, तेव्हा बिस्किटांचे डबे, दुधाच्या बरण्या, रुग्णालयातील बेडपॅनदेखील वापरात आले. ही सारी जुळवाजुळव नॉर्मन हीटली या कल्पक सहकाऱ्याची. द्रव्य आम्लधर्मी करून ईथरमध्ये घ्यायचे आणि तेथून किंचित अल्कधर्मी पाण्यात परत आणायचे, ही किल्लीही हीटली यांचीच. चेन यांनी सारे काम थंडाव्यात राखून, गोठवून शुष्क करण्याच्या तेव्हा नव्या असलेल्या तंत्राने त्याची भुकटी केली. ती तपकिरी भुकटी आपण बरीच शुद्ध केली आहे, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात तिच्यात पेनिसिलिनचा अंश अत्यल्प होता. बाकी सगळा गाळ. तरीही ती अतिशय विरल द्रावणात जीवाणूंची वाढ थोपवीत असे.

१९४० च्या मार्चमध्ये चेन यांच्या सांगण्यावरून जॉन बार्न्स या सहकाऱ्याने ही भुकटी दोन उंदरांना टोचली. उंदरांना काहीही झाले नाही. विभागातील प्राण्यांवरचे प्रयोग हा फ्लोरी यांचा प्रांत. त्यामुळे हा परस्पर केलेला प्रयोग दोघांतील तेढीचे एक कारण ठरला असावा. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट लक्षात आली. प्रथिनांना अडविणाऱ्या गाळणीतून पेनिसिलिन सहज निसटत होते. याचा अर्थ ते विकर नव्हतेच; तो एक लहान रेणू होता. ज्या तर्कावर चेन यांनी सारा डोलारा उभा केला होता, तो तर्कच कोसळला. त्यांची निराशा झाली, पण काम थांबले नाही, कारण समोर त्याहून विलक्षण काहीतरी होते: जीवाणूंचा घात करणारा आणि प्राण्याला अपाय न करणारा, पूर्वी कधी न पाहिलेला पदार्थ.

१९६० च्या दशकात पेनिसिलिन नेमके काय करते याचा उलगडा झाला, तेव्हा असे दिसले, की जीवाणूची भित्तिका सांधणारे विकर ते निकामी करते. लायसोझाइम उभी भिंत पाडते. पेनिसिलिन ती बांधूच देत नाही. चेन यांचे उत्तर चुकले होते, पण बोट त्यांनी योग्य जागी ठेवले होते.

२५ मे १९४० रोजी, डंकर्कहून इंग्रज सैन्याची माघार सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, ऑक्सफर्डमध्ये आठ उंदरांना घातक स्ट्रेप्टोकॉकस जीवाणू टोचण्यात आले. त्यांपैकी चार उंदरांना पेनिसिलिन दिले. हीटली पहाटेपर्यंत प्रयोगशाळेत बसून होते. साडेतीनच्या सुमारास औषध न मिळालेले चारही उंदीर मेले होते आणि उरलेले चार जिवंत होते. २४ ऑगस्टला ‘द लॅन्सेट’मध्ये दोन पानांचा लेख प्रसिद्ध झाला. लेखकांची नावे वर्णानुक्रमे होती, त्यामुळे पहिले नाव चेन यांचे. लेख वाचून काही दिवसांतच फ्लेमिंग ऑक्सफर्डला आले. ते हयात आहेत हे चेन यांना ठाऊकच नव्हते, असे सांगतात.

जर्मन सैन्य इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरेल अशी भीती होती, ते हे दिवस. तसे झाल्यास बुरशी वाचावी म्हणून ऑक्सफर्डच्या काही संशोधकांनी तिचे बीजाणू आपल्या कोटांच्या अस्तरात चोळून ठेवले होते.

त्याच वर्षीचा डिसेंबर मात्र अधिक लक्षात ठेवण्याजोगा. एडवर्ड एब्रहम आणि चेन यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. काही जीवाणू पेनिसिलिनचा नाश करणारे विकर तयार करतात, असे त्यात नमूद केले होते. त्याला त्यांनी पेनिसिलिनेज हे नाव दिले. ऑक्सफर्डमध्ये एकाही रुग्णाला अजून पेनिसिलिनचा उपचार मिळाला नव्हता, आणि या औषधाला निष्प्रभ करणाऱ्या शस्त्राची नोंद झालीही होती. आज प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंची चिंता जगभर व्यक्त होते, तिच्या मुळाशी हे टिपण आहे.

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन टोचण्यात आले. चेहऱ्यावरच्या जंतुसंसर्गाने त्याचा एक डोळा गेला होता. औषध सुरू होताच ताप उतरला, तो जेवू लागला. साठा संपत आला तेव्हा त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत मिळवून ते पुन्हा टोचले गेले. तरीही पाच दिवसांत सारे संपले. दुखणे उलटले आणि १५ मार्चला तो मरण पावला. औषध सिद्ध झाले होते, परंतु एका माणसापुरतेही ते ऑक्सफर्डकडे नव्हते.

युद्धाच्या धामधुमीत इंग्रज कारखान्यांकडून मोठ्या उत्पादनाची आशा नव्हती. १९४१ च्या जूनअखेर फ्लोरी हीटली यांना घेऊन अमेरिकेला गेले. आपल्याला वगळून हे घडत आहे, हे चेन यांना अगदी ऐन वेळी कळले. बुरशी वाढविण्याचे ज्ञान हीटली यांच्याकडे होते, तेव्हा निवड व्यवहाराला धरून होती असे म्हणता येईल. पण ज्याने ती बुरशी पुस्तकांतून शोधून काढली, त्याला ते दुःख विसरता आले नाही. संबंध कायमचे दुरावले.

दुसरा सल पेटंटचा. कारखानदाराच्या घरात वाढलेल्या चेन यांना स्पष्ट दिसत होते, की आपण हक्क राखून ठेवले नाहीत तर ते दुसरे कोणीतरी घेईल आणि मग मूळ संशोधकांच्या देशालाच किंमत मोजावी लागेल. वैद्यकीय संशोधन परिषदेचे एडवर्ड मेलनबी आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्ष हेन्री डेल यांना ही कल्पनाच गैर वाटली. वैद्यकीय शोधातून पैसा मिळविणे विद्वानांना शोभत नाही, अशी त्या काळच्या इंग्रज वैद्यकवर्तुळाची धारणा होती. त्या धारणेत उदात्तता होती हे नाकारता येत नाही. पण पैशाचा विषय काढणारा माणूस ज्यू निर्वासित आहे, याचा बोभाटा झाला तर काय, याचीही चेन यांना जाणीव करून दिली गेली. ते गप्प बसले. पुढे अमेरिकेत उत्पादनप्रक्रियांची पेटंटे घेतली गेली आणि इंग्रज कंपन्यांना त्यांपोटी रक्कम मोजावी लागली. सार्डिनियातील जुझेप्पे ब्रोत्सू यांनी काल्यारीच्या समुद्रात, सांडपाण्याच्या मुखाशी शोधलेली दुसरी एक बुरशी १९४८ मध्ये ऑक्सफर्डला आली. तिच्यातून चेन यांचे जुने सहकारी एब्रहम यांनी सेफॅलोस्पोरिन वेगळे केले, तेव्हा पेटंट घेण्यात कोणी कुचराई केली नाही. चेन यांचे म्हणणे तोवर सरकारी धोरण बनले होते.

युद्धकाळात चेन आणि एब्रहम पेनिसिलिनच्या रेणूची रचना उलगडण्यात गढले होते. १९४३ मध्ये त्यांनी एक विलक्षण प्रस्ताव मांडला. या रेणूत चार अणूंचे, ताणलेले, सहज तुटणारे एक वलय आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ऑक्सफर्डचेच रॉबर्ट रॉबिन्सन हे त्या काळचे सर्वांत दबदबा असलेले सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी हे ठामपणे नाकारले. १९४५ मध्ये डोरोथी हॉजकिन यांनी स्फटिकांवर क्ष-किरण टाकून रचना निश्चित केली आणि ते चौकोनी वलय तेथेच सापडले. पेनिसिलिन इतके नाजूक का, आणि जीवाणूंना इतके घातक का, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या वलयात होते.

दरम्यान वृत्तपत्रांनी फ्लेमिंग यांना डोक्यावर घेतले होते. फ्लोरी वार्ताहरांना दाराबाहेर ठेवीत आणि सहकाऱ्यांनीही तसेच करावे, असा त्यांचा आग्रह असे. चेन यांना हे मुळीच पटत नव्हते. १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना विभागून मिळाले. हीटली यांच्या वाट्याला काही आले नाही. या पारितोषिकाच्या सुमारास चेन यांना बर्लिनमध्ये मागे राहिलेल्यांची खबर मिळाली. आई आणि बहीण हेडविग, दोघींना नाझींनी मारले होते.

१९४८ मध्ये त्यांनी जीवरसायनशास्त्रज्ञ ॲन बेलॉफ यांच्याशी विवाह केला आणि त्याच वर्षी ते रोमला गेले. बुरशी मोठ्या पात्रांत, कारखान्याच्या धर्तीवर वाढविता येईल असे प्रायोगिक केंद्र त्यांना हवे होते. ते इटलीच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने दिले. पुढील बारा-तेरा वर्षे हे केंद्र जगभरच्या संशोधकांचे ठिकाण होते. पेनिसिलिन बनविण्याचे ज्ञान मूठभर कंपन्यांपुरते राहू नये, असे चेन यांना वाटत असे. चेकोस्लोव्हाकियातील पेनिसिलिन कारखान्याला त्यांनी मदत केली, तर शीतयुद्धाच्या वातावरणात १९५१ मध्ये अमेरिकेने त्यांना व्हिसा नाकारला. त्याच दशकात, १९५४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि भारतात पेनिसिलिन बनू लागले.

रोममध्ये त्यांनी इंग्लंडच्या बीचम कंपनीला एक सल्ला दिला: नवी बुरशी धुंडाळण्याऐवजी पेनिसिलिनच्या रेणूतच फेरफार करून पाहावा. कंपनीचे दोन संशोधक रोमला शिकून गेले. १९५७ मध्ये कंपनीच्या प्रयोगशाळेत पेनिसिलिनचा गाभा वेगळा सापडला. त्याला हवी ती बाजूची साखळी जोडता येऊ लागली. १९६० मध्ये मेथिसिलिन आले. १९४० च्या टिपणातील त्या विनाशक विकराला ते दाद देत नव्हते. वर्षभरातच त्यालाही न जुमानणारे जीवाणू इंग्लंडमध्ये आढळले.

१९६१ मध्ये चेन लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक म्हणून परतले आणि १९७३ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथे राहिले. बुरशीची साथ त्यांनी सोडली नव्हती. अर्गट बुरशीपासूनची औषधी द्रव्ये, बुरशीत राहणारे विषाणू असे विषय त्यांनी हाताळले. इस्रायलच्या वाइझमान संस्थेच्या नियामक मंडळावर ते होते. १९६९ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेयो परगण्यात, त्यांनी घर घेतले होते. फ्लेमिंग १९५५ मध्ये गेले, फ्लोरी १९६८ मध्ये. त्या तिघांतील अखेरचे चेन १२ ऑगस्ट १९७९ रोजी मेयोमध्येच निवर्तले.